वाचकांचे प्रश्न : ड्रॉइंगच्या आधी आणि ड्रॉइंगच्या नंतर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे उत्पादनाच्या डिझाइनविषयी आहेत. काही विद्यार्थ्यांची आहेत, काही कारखान्यांत काम करणाऱ्या अभियंत्यांची आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र करून सात प्रश्न निवडले आहेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवले आहे, सायकलच्या हँडलला लावायच्या दिव्याचे. वस्तू लहान असली तरी तिच्यात प्रकाश, उष्णता, पाणी, बॅटरी, प्लास्टिक आणि माणसाचा हात हे सगळे एकत्र येते.

प्रश्न : मी यांत्रिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुस्तकात डिझाइनचे टप्पे एका ओळीत, बाणांनी जोडून दाखवलेले असतात. आमच्या प्रकल्पात मात्र आम्ही पहिल्याच आठवड्यात संगणकावर त्रिमितीय मॉडेल काढायला बसलो आणि तीन महिने तेच मॉडेल दुरुस्त करत राहिलो. हे टप्पे प्रत्यक्षात कोणी पाळते का?

उत्तर : तुम्ही ज्या आकृतीविषयी लिहिता तिचे सर्वांत परिचित रूप गेर्हार्ड पाल आणि वोल्फगांग बाइट्झ या जर्मन प्राध्यापकांनी १९७०च्या दशकात मांडले. त्यात चार टप्पे आहेत : काम स्पष्ट करणे, संकल्पना ठरवणे, त्या संकल्पनेला आकार, साहित्य आणि मांडणी देणे, आणि शेवटी प्रत्येक भागाचे तपशीलवार ड्रॉइंग करणे. चाचण्या आणि उत्पादनाची तयारी यांची जोड त्याला पुढे मिळते. या टप्प्यांना कॅलेंडरवरचे महिने समजले की गोंधळ सुरू होतो. प्रत्येक टप्पा म्हणजे खरे तर एक प्रश्न आहे. वस्तूने काय करायचे, ते कोणत्या तत्त्वावर करायचे, कोणत्या रूपात करायचे आणि नेमक्या किती मापात करायचे, असे ते चार प्रश्न होत.

तुमच्या प्रकल्पात काय घडले असेल याचा अंदाज बांधता येतो. मॉडेल काढणारे सॉफ्टवेअर चौथ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच मिनिटाला मागते. नळकांडे काढायचे तर व्यास भरावाच लागतो. हाताला येईल तो आकडा, समजा २०, तुम्ही भरता, आणि पुढे तो आकडा तिथेच राहतो. त्याच्या भोवती कप्पा बसतो, कप्प्याभोवती आवरण बसते, आणि तीन महिन्यांनी व्यास २० मिलिमीटरच का, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर कोणाकडेच नसते, कारण तो निर्णय कोणी घेतलेलाच नसतो. पडद्यावर मात्र तो निर्णयासारखाच दिसतो, कारण पडद्यावरची प्रत्येक रेघ सारखीच ठाम असते. पेन्सिलीच्या कच्च्या चित्राचा हा एक मोठा गुण आहे की ते कच्चे आहे हे त्याच्याकडे पाहून कळते.

मागे जाणे हा दोष नाही. आकार देताना उष्णता बाहेर पडत नाही असे दिसले तर संकल्पनेकडे परतावेच लागते, आणि अनुभवी चमूही परततात. आपण आधीचा कोणता निर्णय उघडत आहोत आणि त्यावर आणखी काय काय उभे आहे, हे ठाऊक नसताना मागे जाणे घातक असते. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक मापाशेजारी ते कशावरून आले याची एक ओळ लिहून ठेवा. ‘बॅटरीच्या व्यासावरून’, ‘हाताच्या पकडीवरून’ किंवा ‘तात्पुरते’, यांपैकी काहीही चालेल. ‘तात्पुरते’ असे लिहिण्याची तर लाज मुळीच बाळगू नये.

प्रश्न : आमच्याकडे विक्री विभागाकडून येणाऱ्या मागणीपत्रात ‘मजबूत, हलके, स्वस्त आणि वापरायला सोपे’ एवढेच लिहिलेले असते. यातून स्पेसिफिकेशन कसे तयार करावे?

उत्तर : मागणीपत्र असेच असते आणि ते तसेच असू द्यावे. ग्राहकाची इच्छा ग्राहकाच्या शब्दांत नोंदवणे हे त्याचे काम आहे. तिचे मोजता येईल अशा वाक्यांत रूपांतर करणे हे डिझाइन विभागाचे काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. जपानमध्ये योजी अकाओ यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विकसित केलेली क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट ही पद्धत याच रूपांतरासाठी आहे. डाव्या बाजूला ग्राहकाचे शब्द, वर मोजता येणारी वैशिष्ट्ये, आणि मधल्या चौकटींत त्यांचा संबंध. लहान उत्पादनासाठी तो सगळा मोठा तक्ता भरण्याची गरज नसते, पण ज्या ओळीसमोर एकही चौकट भरली गेलेली नाही ती ओळ शोधण्यापुरता तो अवश्य काढावा. ग्राहकाने मागितलेली ती गोष्ट आपण कुठेच मोजत नसतो.

दिव्याचे उदाहरण घेऊ. ‘पावसात चालला पाहिजे’ या मागणीसाठी आयईसी ६०५२९ या मानकातील आयपी संकेतांक उपयोगी पडतो. आयपीएक्स४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, तर आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवल्यावर टिकणे. आकडा मोठा म्हणजे दिवा अधिक चांगला, असे समजून अनेक जण सात लिहून मोकळे होतात. परंतु आयपीएक्स७ मिळालेली वस्तू जोरदार फवाऱ्यातही टिकेल असे ते मानक म्हणत नाही. सायकलचा दिवा तळ्यात पडण्याची शक्यता जास्त की सायकल धुताना फवारा बसण्याची, हा विचार आधी करावा. ‘कोणत्याही सायकलला बसला पाहिजे’ याचेही असेच आहे. हँडलचे नेहमीचे व्यास २२.२, २५.४ आणि ३१.८ मिलिमीटर आहेत, त्यामुळे ‘२२ ते ३२ मिलिमीटर’ असे लिहिले की पकडीच्या डिझाइनला निश्चित काम मिळते.

सर्वांत रंजक ओळ ‘बराच वेळ चालावा’ ही असते. समजा, विक्री विभागाशी बोलून ती ‘पूर्ण प्रकाशात तीन तास’ अशी ठरली. १८६५० आकाराच्या एका लिथियम-आयन सेलची क्षमता २.६ अँपिअर-तास आणि सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला, तर ऊर्जा ९.३६ वॅट-तास होते. एलईडीला २.५ वॅट लागतात आणि तिला वीज देणाऱ्या परिपथाची कार्यक्षमता ८५ टक्के आहे असे मानले, तर बॅटरीतून २.९४ वॅट ओढले जातात आणि दिवा साधारण तीन तास दहा मिनिटे चालतो. मागणी पूर्ण झाली असे वाटते. पण सेल जुना होऊन त्याची क्षमता ८० टक्क्यांवर आली की हाच वेळ अडीच तासांच्या आसपास येतो. मग तीन तास कोणत्या दिवशी हवे आहेत, दिवा नवा असताना की दोन वर्षे वापरल्यावर? दुसरे उत्तर आले तर मोठा सेल, जास्त वजन आणि जाड आवरण आलेच, आणि ‘हलके’ या शब्दाशी भांडण सुरू झाले. हे भांडण कागदावर, पहिल्या आठवड्यात व्हावे म्हणूनच स्पेसिफिकेशन लिहायचे असते. प्रत्येक ओळीत आकडा, एकक, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या चाचणीने तपासणार, एवढे यावे. चाचणी सुचत नसेल तर ती ओळ अजून पक्की झालेली नाही.

प्रश्न : संकल्पना सुचवण्यासाठी आम्ही बैठका घेतो, फलकावर दहा-बारा कल्पना येतात, आणि शेवटी साहेबांना आवडलेली कल्पनाच निवडली जाते. निवडीची काही शास्त्रशुद्ध पद्धत आहे का?

उत्तर : पद्धती आहेत, पण त्या साहेबांच्या जागी निर्णय घेत नाहीत. निर्णय कशावर घेतला हे त्या सर्वांना दाखवतात, आणि तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आधी कल्पनांच्या संख्येविषयी. फलकावर आलेल्या दहा कल्पना बहुधा दहा संपूर्ण दिवे असतात, आणि त्यांतले सात एकमेकांचे भाऊ असतात. त्याऐवजी वस्तूची कार्ये वेगळी काढून प्रत्येक कार्यासाठी स्वतंत्र उपाय शोधावेत. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी रूढ केलेला मॉर्फॉलॉजिकल तक्ता म्हणजे हेच. आपल्या दिव्यासाठी हँडलला धरून ठेवण्याचे चार उपाय लिहू : रबरी पट्टा, स्क्रूने आवळायची पकड, खटक्याची पकड आणि सरकवायची खाच. पाणी अडवण्याचे तीन : ओ-रिंग (खाचेत बसणारे रबरी कडे), आवरण कायमचे चिकटवणे, आणि कठीण प्लास्टिकवर मऊ प्लास्टिकचे मोल्डिंग. चार्जिंगचे तीन : यूएसबी-सी खाच, काढता येणारा सेल आणि चुंबकीय जोडणी. उष्णता घालवण्याचेही तीन धरले, तर एकूण १०८ जुळण्या होतात. त्या सर्व तपासत बसायचे नाही. जोड्या पाहायच्या. कायमचे चिकटवलेले आवरण आणि काढता येणारा सेल एकत्र नांदू शकत नाहीत, म्हणून एका फटक्यात १२ जुळण्या बाद झाल्या. अशा चार-पाच विसंगती सापडल्या की उरलेल्या यादीत एखादी अशी जुळणी दिसते जी बैठकीत कोणाच्याही तोंडून आली नव्हती.

निवडीसाठी ब्रिटिश अभियंते स्टुअर्ट प्यू यांचा तक्ता मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. एक परिचित दिवा आधार म्हणून घ्यायचा, आणि प्रत्येक निकषावर नवी संकल्पना त्याच्यापेक्षा सरस, तितकीच की उणी एवढेच नोंदवायचे. यात गुण दिले जात नाहीत, अधिक आणि उणे या खुणा फक्त केल्या जातात. खुणांची बेरीज करून विजेता जाहीर करण्याची घाई मात्र करू नये. चांगल्या संकल्पनेला जिथे उणे मिळाले तिथे दुसऱ्या संकल्पनेतला उपाय उसना घेता येतो का ते पाहावे, आणि नंतर पुढे असलेल्या संकल्पनेलाच आधार मानून तक्ता पुन्हा भरावा. क्रम उलटापालटा झाला तर निकषच अजून स्पष्ट नाहीत असे समजावे.

भारांकित गुणांचा, म्हणजे प्रत्येक निकषाला महत्त्वाप्रमाणे भार देऊन गुण मोजण्याचा, तक्ता अधिक शास्त्रीय दिसतो, पण त्यात एक लबाडी सहज शिरते. एका संकल्पनेला ३.४२ आणि दुसरीला ३.३८ गुण मिळाले की पहिली जिंकली असे म्हटले जाते, आणि मुळात ते सर्व आकडे पाचपैकी अंदाजाने दिलेले असतात हे विसरले जाते. एखाद्या निकषाचा भार थोडा बदलून पाहा. तेवढ्याने पहिला क्रमांक बदलत असेल तर त्या तक्त्याने काहीच ठरवलेले नाही. साहेबांच्या बाबतीत एक साधा उपाय आहे. प्रत्येकाने तक्ता न बोलता, आपापल्या कागदावर भरावा आणि साहेबांनी आपला कागद सर्वांत शेवटी दाखवावा. समजूतदार साहेब ही सूचना मान्य करतात, कारण आपले मत आधी कळले की बाकीचे कागद कोरेच राहतात हे त्यांनाही माहीत असते.

प्रश्न : थ्रीडी प्रिंटवर केलेला आमचा नमुना उत्तम चालला, पण साच्यातून आलेल्या पहिल्या भागांत पाणी शिरले. मग नमुना करण्याचा उपयोग काय?

उत्तर : नमुना नेहमी एका विशिष्ट प्रश्नासाठी करायचा असतो, आणि त्याने दिलेले उत्तर त्या प्रश्नापुरतेच घ्यायचे असते. पुठ्ठ्याचा दिवा हातात कसा बसतो ते सांगतो, उघड्या बोर्डावर जोडलेला परिपथ किती वेळ चालतो ते सांगतो. प्रिंट केलेले आवरण भाग एकमेकांत बसतात का ते सांगते. पाण्याविषयी ते फारसे काही सांगू शकत नाही.

याचे कारण जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, तुमची ओ-रिंग २ मिलिमीटर जाडीची आहे. झाकणाखाली ती साधारण २० ते २५ टक्के दाबली जावी लागते, म्हणजे ०.४ ते ०.५ मिलिमीटर. प्लास्टिकचा भाग साच्यात थंड होताना आकसतो. एबीएस या प्लास्टिकसाठी हे आकसणे साधारण ०.४ ते ०.७ टक्के, तर पॉलिप्रॉपिलीनसाठी १ ते २.५ टक्के असते. ८० मिलिमीटर लांबीच्या एबीएस झाकणात अर्धा टक्का म्हणजे ०.४ मिलिमीटर झाले. साचा करणारा हा सरासरी आकस हिशेबात धरतोच, परंतु भिंत कुठे जाड आणि कुठे पातळ असेल तर जाड भाग उशिरा थंड होतो, जास्त आकसतो आणि झाकण वाकते. ते मध्यभागी ०.३ मिलिमीटर वर उचलले गेले तर ओ-रिंगवर दाबायला ०.१ ते ०.२ मिलिमीटर उरते, आणि पाणी तिथूनच आत येते. तुमच्या प्रिंटमध्ये हे वाकणे नव्हते. प्रिंटमध्ये थरांच्या रेघांमुळे ओ-रिंगची बैठक खडबडीत असते, त्यामुळे प्रिंट गळला असता तरी त्यावरून डिझाइन चुकले असे म्हणता आले नसते. नमुन्यातल्या आवरणात पाणी गेले नाही हा मला योगायोग वाटतो. तुमच्या भागात स्क्रूचे खांब झाकणाच्या भिंतीला थेट चिकटलेले आहेत का ते आधी पाहा. जाडीचे गाठोडे बहुधा तिथेच असते.

इलेक्ट्रॉनिक उत्पादनांच्या क्षेत्रात यासाठी तीन फेऱ्या रूढ आहेत. पहिल्या फेरीत अभियांत्रिकी चालते का ते पाहतात, दुसरीत खऱ्या साच्यांतून आलेल्या भागांवर सर्व चाचण्या करतात, आणि तिसरीत उत्पादनाची साखळी त्याच माणसांनी, त्याच वेगाने चालवून पाहतात. त्यांना अनुक्रमे ईव्हीटी, डीव्हीटी आणि पीव्हीटी म्हणतात. या सगळ्यात व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, ते वेगळे ठेवावेत. दिवा स्पेसिफिकेशनप्रमाणे आहे का हे पाहणे म्हणजे व्हेरिफिकेशन. स्पेसिफिकेशनप्रमाणे असलेला दिवा माणसाच्या खरोखर उपयोगाचा आहे का हे पाहणे म्हणजे व्हॅलिडेशन. प्रयोगशाळेतल्या सर्व चाचण्या पार केलेल्या दिव्याचे बटण हातमोजे घातलेल्या बोटाला सापडत नाही, असे होऊ शकते.

प्रश्न : आमच्याकडे एफएमईएचा (संभाव्य बिघाड आणि त्यांचे परिणाम यांच्या विश्लेषणाचा) तक्ता ऑडिटच्या आधी दोन दिवसांत भरला जातो. त्याचा खरोखर काही फायदा असतो का, आणि आरपीएन कितीच्या वर गेला की उपाय करावा?

उत्तर : दोन दिवसांत भरलेल्या तक्त्याचा फायदा ऑडिटपुरताच. ही पद्धत अमेरिकन सैन्याने १९४९ मध्ये कार्यपद्धती म्हणून लिहून काढली तेव्हा हेतू साधा होता : वस्तू कशी बिघडेल, बिघडल्यावर काय होईल आणि त्याचे कारण काय असेल, हे वस्तू बनण्याआधी विचारणे.

आरपीएनविषयी मात्र सावध राहा. गांभीर्य, वारंवारता आणि शोधण्याची अडचण यांना १ ते १० गुण देऊन केलेला तो गुणाकार आहे. एका बिघाडाला ९, २ आणि ३ असे गुण मिळाले तर ५४ होतात, दुसऱ्याला ४, ५ आणि ४ मिळाले तर ८०. म्हणजे माणसाला इजा करू शकणारा बिघाड किरकोळ त्रास देणाऱ्या बिघाडाच्या खाली जातो. ‘शंभराच्या वर उपाय’ असा नियम केला की माणसे गुण असे देतात की गुणाकार ९६ येतो. वाहन उद्योगाच्या एआयएजी आणि व्हीडीए या संघटनांनी २०१९ मध्ये काढलेल्या संयुक्त पुस्तिकेत आरपीएन सोडून, गांभीर्याला आधी स्थान देणारा कृतिप्राधान्याचा तक्ता स्वीकारला तो यामुळेच.

फायदा कसा होतो ते दिव्यावर पाहू. कार्य : रस्ता उजळणे. बिघाड : प्रकाश अचानक पूर्ण बंद होणे. परिणाम : अंधारात, वेगात असलेल्या स्वाराला पुढचे दिसत नाही, म्हणून गांभीर्य ९. कारण : सेलचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की संरक्षक परिपथ वीज तोडतो. यात कोणाचीही चूक नाही, प्रत्येक भाग आपापले काम नीट करत आहे, आणि तरीही परिणाम वाईट आहे. उपाय : मर्यादा येण्याआधीच दिव्याने स्वतःहून मंद प्रकाशावर जायचे. परिपथ आखला जात असताना हे सुचले तर काही ओळींचे काम आहे. बोर्ड छापून आल्यावर सुचले तर तेच काम महिन्याचे होते.

प्रश्न : टॉलरन्सची (मापात चालू शकणाऱ्या फरकाची) बेरीज करताना सर्वांत वाईट स्थिती धरावी की वर्गमुळाची पद्धत वापरावी?

उत्तर : ±०.१ मिलिमीटरचे पाच भाग एकापुढे एक लागले, तर सर्वांत वाईट स्थितीत ±०.५ आणि वर्गमुळाच्या पद्धतीने (फरकांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले तर) सुमारे ±०.२२ मिलिमीटर येतात. दुसरा आकडा मोहक आहे, पण त्याला दोन अटी आहेत : प्रत्येक भागाची मापे मधल्या मूल्याभोवती विखुरलेली असावीत, आणि भाग एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. एकाच साच्यातून आलेले पाच सारखे भाग एकाच बाजूला चुकतात, तिथे दुसरी अट मोडते आणि बेरीज सरळ करावी लागते. सुरक्षिततेशी संबंध असेल, किंवा भाग मोजके असतील, तर सर्वांत वाईट स्थितीच धरावी.

प्रश्न : आमचे डिझाइन फ्रीझ (अंतिम म्हणून निश्चित) झाल्यावर पुरवठादाराने आवरणासाठी पॉलिकार्बोनेटऐवजी एबीएस सुचवले. साचा तोच, रंग तोच, मापे जवळपास तीच. फोनवर होकार देऊन टाकावा, असे सर्वांचे मत आहे. तुमचे मत काय?

उत्तर : होकार कदाचित योग्यही असेल, पण तो फोनवर देऊ नका. पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि एबीएस १०५ अंशांच्या आसपास. तुमच्या आवरणाला उष्ण भाग टेकत असेल, तर मूळ साहित्य निवडण्याचे कारण तेच असू शकते आणि ते ड्रॉइंगवर कुठेही लिहिलेले नसेल.

फ्रीझनंतरचा बदल निरुपद्रवी दिसतो याचे एक भयानक उदाहरण यंत्रांतले नसून इमारतीतले आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दोन झुलते मार्ग एकाखाली एक टांगलेले होते. मूळ रचनेत छतापासून निघालेल्या अखंड सळ्या वरच्या मार्गाच्या तुळयांतून आरपार जाऊन खालचा मार्ग पेलणार होत्या. त्यासाठी सळ्यांना लांबवर आटे पाडावे लागले असते, म्हणून एका सळीच्या दोन केल्या गेल्या : एक छतापासून वरच्या तुळईपर्यंत, दुसरी वरच्या तुळईपासून खालच्या मार्गापर्यंत. चित्रात फरक काही इंचांचा दिसतो. पण आधी वरच्या तुळईखालच्या नटावर केवळ वरच्या मार्गाचा भार येणार होता, आता त्याच नटावर दोन्ही मार्गांचा, म्हणजे दुप्पट, भार आला. मूळ जोडणीही नियमाला पुरेशी नव्हती. १७ जुलै १९८१ रोजी दोन्ही मार्ग कोसळले आणि ११४ माणसे मेली. बदललेल्या ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का होता, पण त्या जोडणीची आकडेमोड कोणी केलेली नव्हती.

तुमच्या बाबतीत बदलाची लेखी विनंती मागवा आणि तीन गोष्टी पाहा. आवरणाचे साहित्य आतापर्यंत कोणकोणत्या हिशेबांत आणि चाचण्यांत धरले गेले होते, त्यांची यादी करा. त्यांपैकी ज्या उष्णतेवर, उन्हावर, आघातावर किंवा ओ-रिंगच्या दाबावर अवलंबून आहेत, त्या चाचण्या नव्या साहित्याच्या भागांवर पुन्हा करा. आणि बदल मान्य झालाच तर भागाला नवा क्रमांक द्या, कारण दोन वेगळ्या साहित्यांचे भाग एकाच क्रमांकाखाली एकाच खोक्यात गेले की पुढे तक्रार आल्यावर कोणते आवरण कशाचे होते हे कोणालाही सांगता येत नाही. पुरवठादाराला घाई असेल तर उष्णतेची चाचणी आधी लावा. एबीएस नापास झालेच तर बहुधा तिथेच होईल, आणि बाकीच्या चाचण्यांचा वेळ वाचेल.